वाड्याला सोलर हवा, तापती फरशी नको!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

'जुनं ते सोनं' असं म्हणायला सगळ्यांनाच आवडतं. पण मित्रांनो, सोनं अंगावर घालायचं असतं, त्यात राहायचं नसतं! जुन्या वाड्यात राहणाऱ्या बाईला विचारून बघा. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत पहाटे बंब पेटवायचा, गरम पाण्याची बादली उचलून चौक ओलांडायचा आणि मग न्हाणीत शिरायचं. त्या वेळी तिला वारसा-बिरसा काही आठवत नाही, आठवतात ते फक्त गुडघे. आपण मात्र रविवारी सकाळी हेरिटेज वॉकला जातो, नक्षीदार खांबांना टेकून फोटो काढतो आणि घरी येऊन गिझर ऑन करतो.

माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरातले वाडे लोकांना नकोसे झाले ते ते जुने आहेत म्हणून नव्हे, त्यात राहणं गैरसोयीचं आहे म्हणून. वाडे टिकवायचे असतील तर आधी त्यात राहणाऱ्याची आंघोळ सुखाची झाली पाहिजे. पण सोय करायची म्हणजे जगात जे जे मिळतं ते ते आणून वाड्यात कोंबायचं, असंही नाही. कुठली सोय वाड्याला पेलते आणि कुठली पेलत नाही, हे ठरवायला भावना पुरत नाहीत, थोडी आकडेमोड लागते. ती करायला आपण इंजिनिअरिंगवाले नाही तर कोण?

हा विषय माझ्या डोक्यात येण्याचं कारण घरचंच आहे. उत्तर कसब्यात माझ्या आजोळचा माळवदाचा वाडा आहे. त्याचं काय करायचं यावर दोन पक्ष पडलेत. धाकट्या मामाचं म्हणणं, "पाडा आणि स्लॅबचं घर बांधा, मग काय पाहिजे ते बसवा." मोठ्या मामाचा मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणतो पाडू नका, आम्ही इकडे शंभर-शंभर वर्षांच्या घरात राहतो. छतावर सोलर टाकायचा, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या, की झालं! आणि आजी म्हणते, "मला कुणी काही विचारूच नका, फक्त ती बादली तेवढी बंद करा." दिवाळीत सगळे एकत्र बसून निर्णय घेणार आहेत. घरात इंजिनिअरिंगला असलेली मी एकटीच. त्यामुळे 'तू सांग गं' असं म्हणून सगळी फाइल माझ्याकडे आली आहे.

तर आधी माळवद म्हणजे काय ते बघू. मला स्वतःला हा शब्द शाळेत कधी भेटला नाही. कॉन्व्हेंटमध्ये भूगोलात आम्ही इग्लू शिकलो, टुंड्रा शिकलो, इग्लूत उब कशी टिकते यावर पाच मार्कांचा प्रश्नही लिहिला. पण शाळेच्या बसमधून रोज दिसणाऱ्या मातीच्या छतावर एक ओळ नव्हती. कडीपाट, साणं, ढाळज, धुम्मस हे शब्द मी आजीकडून शिकले.

लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर जवळजवळ कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर धुम्मसाने चोपलेला. हे झालं माळवद. मधोमध उजेड यायला आणि धूर जायला एक भोक ठेवतात, ते साणं. पाणी जायला बाजूला पन्हळ. ही माती फुकट मिळणारं कौल नाही, ते एक थर्मल यंत्र आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली ती धग काही मिनिटांत खोलीत उतरते. सव्वा फूट मातीतून तीच उष्णता खाली यायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन खोलीत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री माणसं माळवदावर नाहीतर अंगणात झोपलेली असतात! आपण हीट ट्रान्सफरमध्ये 'टाइम लॅग' म्हणून जे शिकतो, ते गवंडी अंदाजाने करत होते.

पण या मातीला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून वाड्याचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. माती जड असते. सव्वा फूट जाडीचा थर दहा बाय दहाच्या खोलीवर धरला तर साडेपाच टनांच्या वर वजन होतं. गळती झाली की वर आणखी माती टाकायची पद्धत, त्यामुळे वर्षानुवर्षं थर वाढतच जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. त्यातली बरीचशी आपल्याच घराखाली गेली: मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरचं माळवद खाली आलं. ही माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण आमच्या भागात अजूनही म्हातारी माणसं माळवदाकडे बघताना त्या पहाटेबद्दल बोलतात. धाकट्या मामाच्या 'पाडा' या शब्दामागे ही भीती आहे, नुसता फ्लॅटचा मोह नाही. म्हणून वाड्याला काहीही नवीन जोडण्याआधी पहिलं काम एकच: जुने चढलेले मातीचे थर जाणकाराच्या देखरेखीखाली कमी करणं, वाळवी लागलेल्या कड्या बदलणं, भिंती बांधून घेणं. सोलर त्यानंतर.

आता सोलर. चार-पाच माणसांच्या घराला दिवसाला २०० लिटर गरम पाणी पुष्कळ झालं. पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं तर लागणारी ऊर्जा होते साधारण ८ युनिट. गिझर लावला तर रोजचे तेवढे युनिट मीटरवर. बंबात जाळायचं तर, बंबाची कार्यक्षमता २० टक्के धरली, तरी रोज नऊ किलो लाकूड. ते फोडायचं, वाळवायचं, धूर डोळ्यात घ्यायचा, शिवाय राख काढायची. आणि सोलापूरच्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण पाच युनिट ऊर्जा फुकट पडते. चार चौरस मीटरचा कलेक्टर ठेवला की वीस युनिट गोळा होतात, त्यातले चाळीस टक्के पाण्यात उतरले तरी आपले आठ युनिट झाले. पंप नको, मोटर नको. तापलेलं पाणी हलकं होऊन आपणच वरच्या टाकीत चढतं आणि थंड पाणी त्याच्या जागी खाली येतं. थर्मोसायफन! पाठ केलेली व्याख्या इथे आंघोळ घालते.

मग काय, चढवा माळवदावर? इथेच थांबायचं. सगळे म्हणतात वजन पेलणार नाही. मी हिशेब केला. २०० लिटर पाणी, टाकी, कलेक्टर, स्टँड मिळून सुमारे ३५० किलो. आधीच टनावारी माती पेलणाऱ्या निरोगी छताला हे फार नाही. खरी अडचण वेगळी आहे. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो, त्यात पत्रे उडतात. सोलरचा स्टँड कशाला तरी घट्ट बोल्ट करावा लागतो, आणि मातीत बोल्ट धरत नाही. मग मिस्त्री माती उकरून थेट कडीला बोल्ट मारतो. झालं! त्या भोकातून पाणी आत शिरतं, लाकूड कुजतं, भिजलेली माती आणखी जड होते. टाकीचा एखादा जॉइंट थेंब-थेंब गळत राहिला तर छत खालून कुजतंय हे वर्षभर कुणाला कळतही नाही. शिवाय सोलरला पाणी पुरवणारी थंड पाण्याची टाकी त्याच्याही वर पाहिजे. ५०० लिटरची धरली तर अर्धा टन आणखी, तोही उंचावर. भूकंपात उंचावरचं वजनच घात करतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा: सोलर माळवदावर नको, परसात. मागच्या बाजूला न्हाणीशेजारी स्वतःच्या पायावर उभा असलेला लोखंडी स्टँड, नाहीतर तिथे नंतर बांधलेली स्लॅबची बाथरूम असेल तर तिच्यावर. याचे फायदे बघा. वाड्याच्या एकाही लाकडाला भोक पडत नाही. समोरच्या गल्लीतून वाड्याचा दर्शनी भाग होता तसाच दिसतो. उद्या यंत्र बिघडलं तर काढून नेता येतं आणि वाडा जसाच्या तसा राहतो. जुन्या वास्तूंचं काम करणारे आर्किटेक्ट हीच गोष्ट सांगतात, की जे कराल ते परत काढता येईल असं करा. चौथा फायदा पाण्याचा. अर्ध्या इंची पाइप साठ-पासष्ट फूट लांब असेल तर त्यात साडेतीन लिटर पाणी मावतं. गरम पाणी येईपर्यंत दर वेळी तेवढं थंड पाणी मोरीत सोडून द्यायचं. ज्या शहराने वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणारं उजनीचं पाणी पिंपात भरून ठेवलंय, तिथे हे पाप आहे!

फक्त सावली तपासायला हवी. सोलापूर उत्तर अक्षांश १७.७ वर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो. दक्षिणेला दहा फुटांची भिंत असेल तर बारा वाजताही तिची सावली पावणेनऊ फूट पडते, आणि सकाळी नऊला याहून लांब. थंडीत ज्या दिवशी गरम पाणी हवं, नेमका त्या दिवशी कलेक्टर सावलीत! म्हणून डिसेंबरमध्ये एक दिवस परसात काठी रोवून बसायचं आणि मग जागा ठरवायची. तोंड दक्षिणेला, कल तीस अंशांच्या आसपास, म्हणजे हिवाळ्याचं तिरकं ऊन नीट पडतं.

पाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण सोलर विकणारे त्या आधी सांगत नाहीत. एक, काचेच्या नळ्यांचा सोलर कोरडा पडून उन्हात तापत राहिला आणि दुपारी नळाला पाणी आलं म्हणून कुणी कॉक सोडला, तर नळ्या तडकतात. आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. जिथे पाणी रोज येत नाही तिथे वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर संध्याकाळी नाहीतर ऊन चढायच्या आत भरायची. दोन, बोअरचं पाणी क्षाराचं असतं. ते सरळ कलेक्टरमध्ये सोडलं तर नळ्यांत खार साचून दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. मग लोक म्हणतात सोलरच बोगस. बिचाऱ्या सूर्याचा काय दोष? बोअरचंच पाणी वापरायचं असेल तर हीट एक्स्चेंजरवाला घ्यावा, त्यात कलेक्टरमधलं पाणी वेगळं आणि आंघोळीचं वेगळं राहतं.

कुणी म्हणेल, आता २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत विजेच्या सोलर पॅनलला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, मग तेच का नको? जरूर घ्या, ज्यांच्याकडे स्लॅब आहे त्यांनी. पण तीन किलोवॉटच्या पॅनलला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते, आणि तेवढे सगळे पाय माळवदात रोवायचे म्हणजे पुन्हा तीच भोकं. आंघोळीचं काम चार चौरस मीटरमध्ये होत असेल तर आधी ते करू.

आता जर्मनीवाल्या भावाची दुसरी सूचना: फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. कल्पना नवीन नाही. रोमन लोक फरशी विटांच्या खांबांवर उचलून तिच्याखालून गरम हवा फिरवायचे. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून नेणारं ओंडोल शेकडो वर्षं चालत आलंय. इतकं लांब कशाला, काश्मीरमधल्या जुन्या घरांत आणि मशिदींत हमाम असतो. खाली लाकूड जळतं, त्याच विस्तवावर तांब्याच्या भांड्यात पाणी तापतं आणि त्याच उष्णतेने वरची दगडी फरशी कोमट होते. एका आगीत दोन कामं! बाहेर बर्फ असताना याच्यासारखं सुख नाही, हे मला मान्य आहे.

पण बर्फ पाहिजे ना! सोलापूरच्या हिवाळ्यात दुपारी अजूनही पंखा लागतो. थंडी म्हणजे काय, तर पहाटेचे चार-पाच तास, तेही वर्षातले काही आठवडे. नळ्यांवरचा सहा सेंटिमीटर काँक्रीटचा थर तापायलाच काही तास जातात. पहाटेसाठी फरशी तापवायला लागायचं आदल्या संध्याकाळी, आणि ती नीट तापेपर्यंत सूर्य उगवून खोली आपोआप उबदार होणार. मग ती साठलेली उष्णता दुपारी आपल्यालाच भाजणार. दुसरा हिशेब ऊर्जेचा. चौरस मीटरमागे ५० वॉट धरले तर दहा बाय दहाच्या एका खोलीला आठ तासांत पावणेचार युनिट लागतात. दोन खोल्या तापवल्या की आंघोळीच्या आठ युनिटांतलं जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणजे पाय गरम आणि आंघोळ गार! तिसरा हिशेब वजनाचा. वरच्या मजल्यावर, कडीपाटावर, तो थर टाकला तर खोलीमागे सव्वा टन. आणि तळमजल्यावर टाकायचा तर आजीच्या लग्नाच्या आधीपासून घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी उखडावी लागणार. ती फुटल्याशिवाय निघत नाही, आणि परत बसवली तरी ती तीच राहत नाही. इथे 'परत काढता येईल असं करा' हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

शिवाय मित्रांनो, ज्या गावाने अख्ख्या देशाला चादर पांघरली, त्या गावाने थंडीसाठी जमीन तापवायची? माणूस तापवायला चादर आहे, त्यासाठी घर तापवायची गरज नाही.

आपला खरा प्रश्न उलटा आहे, फरशी थंड ठेवण्याचा. आणि गंमत म्हणजे त्याच नळ्यांतून थंड पाणी फिरवून हेही करता येतं. हैदराबादला इन्फोसिसने २०११ मध्ये एक इमारत बांधली. तिच्या अर्ध्या भागात नेहमीचं एसी आणि अर्ध्या भागात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. नळ्यांच्या बाजूला सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी लागली. हैदराबादचं ऊन आपल्या ओळखीचंच आहे. पण ती इमारत नव्याने, त्यासाठीच बांधलेली होती. आणि पावसाळ्यात हवेत दमटपणा वाढला की थंड फरशीला घाम फुटतो, तिथे हवा कोरडी करणारी यंत्रणा वेगळी लागते. वाड्यात एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा आजी संध्याकाळी फरशीवर पाणी मारते, दारात वाळ्याचा पडदा भिजवते, ते काय आहे? एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. बाकी साणं उघडं ठेवा, चौक पत्रा टाकून बुजवू नका, रात्री खिडक्या उघडून गारवा आत घ्या आणि सकाळी बंद करा. वाड्याची फरशी 'रेडियंट'च आहे, फक्त ती उन्हाळ्यासाठी बनवलेली आहे.

म्हणजे माझं उत्तर दोन्ही मामांना अर्धं-अर्धं नाराज करणारं आहे. धाकट्या मामाला: पाडू नका, पण छत हलकं करा आणि भिंती मजबूत करा, भीती खरी आहे. भावाला: सोलर हो, पण परसात, फरशी नको. आजीला: बादली बंद.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्याला चार वर्षांत आरसीसीची बीम डिझाइन करायला शिकवतात. मातीची घनता, कडीची ताकद, चुन्याची भिंत यांवर एक युनिट नाही. त्यामुळे पास होऊन बाहेर पडलेला इंजिनिअर वाड्यासमोर उभा राहिला की त्याला एकच सल्ला सुचतो: पाडा. त्याला तेवढंच येतं! अप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवनात महापालिका आली म्हणून ती इमारत सगळ्यांच्या नजरेसमोर राहिली, जपली गेली. पण कसब्यातल्या साध्या घरांना असं कोण वाली?

मी एक सुचवते. दरवर्षी आपल्याकडे बीईचे तेच ते प्रोजेक्ट फिरतात, काही तर झेरॉक्सच्या दुकानातून बाइंडिंगसकट! यंदा मेकॅनिकल आणि सिव्हिलचा एक मिळून गट करू. जुन्या पेठांतले दहा वाडे घेऊ, घरमालकांची परवानगी काढून. प्रत्येक माळवदाची जाडी मोजू, कड्या ठोकून बघू, आत-बाहेर थर्मामीटर लावून मे आणि डिसेंबरचं तापमान टिपू, परसातली सावली मोजू. आणि प्रत्येक घराला त्याच्या भाषेत एक पानाचा कागद देऊ: छतावरून किती माती उतरवायची, सोलर कुठे उभा करायचा, काय अजिबात करायचं नाही. खर्च टेप, थर्मामीटर आणि रिक्षाभाड्याचा. ज्यांना यायचं असेल त्यांनी मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डवर नाव लिहावं. पहिला वाडा मी देते, आजीची परवानगी आधीच काढून ठेवलीय. चहा तिच्याकडून.